चिनी मातीचा जपानी कप

(इयत्ता ३ री ते ५ वी : परिसर अभ्यास, भाषा व कला यांचा एकत्रित पाठ)



आमची शाळा नारायणगडाच्या परिसरात आहे. बीड जिल्ह्यातले लोक या गडाला धाकटी पंढरी म्हणतात. एकादशीला गडावर गर्दी असते, पण दिवाळी झाली की गावं रिकामी होऊ लागतात. मुकादमाच्या टोळ्या भरतात, ट्रॅक्टर निघतात आणि वर्गातल्या बऱ्याच मुलांचे आईवडील ऊसतोडीला जातात. काही मुलं त्यांच्यासोबत जातात, काही आजी-आजोबांजवळ राहतात. मागे राहिलेली मुलं पहिले काही दिवस गप्प गप्प असतात. अभ्यासात त्यांचं लक्ष लागत नाही, हे आपल्यापैकी अनेकांनी अनुभवलं असेल.

अशाच दिवसांत घेतलेला एक पाठ आज तुमच्यासमोर ठेवते. पाठाचा विषय ऐकून सुरुवातीला हसू येईल. विषय आहे जुनी जपानी कपबशी आणि तिच्यावरची पानंफुलं.

सुरुवात कशी झाली

मी मुलांना घरचा अभ्यास दिला होता : "घरातली सगळ्यात जुनी वस्तू कोणती, ते आजी-आजोबांना विचारा. आणता आली तर आणा, नाहीतर चित्र काढा."

दुसऱ्या दिवशी टेबलावर एक छोटं प्रदर्शनच भरलं. अडकित्ता, पितळी तांब्या, धान्य मोजायचं मापटं, बैलाची घुंगुरमाळ. चौथीतल्या एका मुलीने जुन्या चोळीच्या कापडात गुंडाळून एक कप आणला होता. बशी नाही, नुसता कप. कानापासून खाली केसासारखी एक बारीक तड गेलेली. आत मिसरीचा वास, कारण आजी त्यात मिसरी ठेवायची. पोरं नाक दाबून हसायला लागली आणि ती मुलगी कप परत कापडात गुंडाळू लागली.

मी तो हातात घेतला आणि खिडकीजवळ नेला. पातळ, पांढराशुभ्र कप. बाहेरून एक वाकडी काळसर फांदी, तिला गुलाबी फुलं, आणि फांदीवर बसलेला एक हिरवट पक्षी. कप उलटा केला तर बुडावर लाल रंगात इंग्रजी अक्षरं. एकेका मुलाला अक्षरं वाचायला लावली. जे, ए, पी, ए, एन.

"जपान!" वर्ग ओरडला.

मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, कप चिनी मातीचा हाय ना? मग जपानचा कसा?"

या एका प्रश्नावर आमचे पुढचे तीन दिवस गेले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मला स्वतःला अशा जुन्या जपानी भांड्यांचा नाद आहे. डीएडला असताना एका मैत्रिणीच्या घरी शेवंतीची फुलं रंगवलेली बशी पाहिली, तेव्हापासून जुन्या बाजारात, भंगाराच्या दुकानात नजर आपोआप तिकडे वळते. आज माझ्याकडे चौदा नग आहेत. फार मोठा संग्रह नाही, पण त्यामुळे थोडंफार वाचन झालं आणि ते या पाठाला कामी आलं.

पहिला दिवस : चिनी माती म्हणजे काय?

चिनी मातीला चिनी म्हणतात कारण ही विद्या मूळची चीनची. तिथल्या कारागिरांनी केओलिन नावाची पांढरी माती आणि दळलेला विशिष्ट दगड एकत्र करून, तो फार मोठ्या उष्णतेत भाजून ही भांडी बनवली. आपल्या कुंभारदादांची मडकी साधारण ७०० ते ९०० अंश सेल्सिअसला भाजतात. चिनी मातीला साधारण १३०० अंशांची भट्टी लागते. एवढ्या उष्णतेत मातीचे कण काचेसारखे एकमेकांत विरघळून जुळतात. म्हणून मडक्यातलं पाणी झिरपतं आणि गार होतं, कपातला चहा मात्र झिरपत नाही.

हे नुसतं सांगण्यापेक्षा वर्गात करून दाखवा. आम्ही तीन प्रयोग केले.

१) पाण्याचा थेंब : फुटक्या मडक्याच्या खापरीवर थेंब टाकला, तो लगेच शोषला गेला. मग कपाच्या बुडाच्या कडेवर टाकला. तिथे झिलई नसते, तरी थेंब तसाच राहिला.

२) उजेड : वर्ग थोडा अंधारा करून मोबाईलची बॅटरी कपाच्या आत धरली. कपाच्या भिंतीतून उजेड बाहेर दिसला आणि पलीकडे धरलेल्या बोटांची सावलीही दिसली. खापरीतून काहीच दिसलं नाही.

३) आवाज : माझ्या एका चांगल्या बशीवर नखाने हलकेच टिचकी मारली, तर टणत् असा स्वच्छ आवाज आला. आजीच्या कपावर मारली, तर आवाज बसका आला. "तडकलाय म्हणून," एका मुलाने लगेच ओळखलं. आठवडी बाजारात मडकं घेताना आई असंच वाजवून बघते, हे त्याला माहीत होतं.

दुसरा दिवस : ही विद्या जपानला कशी पोचली?

जपानमध्ये मातीची भांडी हजारो वर्षांपासून होती, पण पांढरी चिनी माती तिथे उशिरा आली. १५९२ ते १५९८ या काळात जपानी सरदारांनी कोरियावर स्वाऱ्या केल्या. परतताना त्यांनी अनेक कोरियन कुंभार सोबत नेले. यी सामप्योंग हा त्यांच्यापैकीच एक. १६१६ च्या सुमारास त्याला आरिता या गावाजवळच्या डोंगरात योग्य तो पांढरा दगड सापडला आणि तिथून जपानी चिनी मातीची सुरुवात झाली, असं मानतात. आरितातला माल जवळच्या इमारी बंदरातून बोटीत चढायचा, म्हणून त्या भांड्यांना जगात इमारी हे नाव पडलं. सतराव्या शतकाच्या मध्यापासून डच व्यापारी हा माल युरोपात नेऊ लागले.

मी हे सांगत होते, तेवढ्यात कप आणणाऱ्या मुलीने विचारलं, "मॅडम, त्यो कुंभार मग घरी गेला का परत?"

वर्ग एकदम शांत झाला. आमच्या वर्गात हा प्रश्न इतिहासाचा राहत नाही. मी खरं तेच सांगितलं. तो परत गेला नाही. तिथेच राहिला, तिथेच वारला. आरिताच्या लोकांनी त्याचं स्मारक बांधलं आहे आणि आजही ते त्याला मान देतात.

"पण घरी न्हाई गेला," ती म्हणाली आणि खाली बसली.

मी पुढे काही बोलले नाही. अशा वेळी लगेच तात्पर्य सांगायची आपल्याला सवय असते. ती थोडी आवरावी, असं मला वाटतं.

मग हा कप आपल्याकडे कसा आला?

इथे आपल्या जिल्ह्याचा धागा लागतो, तो कापसाचा.

जपानमध्ये सूतगिरण्या वाढल्या तसा त्यांना आपला कापूस हवा होता. १८९३ मध्ये जमशेटजी टाटा जपानला गेले आणि त्याच वर्षी निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीची मुंबई ते कोबे अशी नियमित आगबोट सुरू झाली. टाटांचा त्यात मोठा सहभाग होता. इकडून कापसाच्या गाठी जायच्या. जपानहून आपल्याकडे रेशीम, काड्यापेट्या, काचेचं सामान आणि चिनी मातीची भांडी यायची. १९३० च्या दशकात तर जपानी माल आपल्या बाजारात एवढा स्वस्त मिळू लागला की 'जपानी' म्हणजे हलका माल, असंच लोक समजत.

म्हणून जुनी जपानी कपबशी सापडली की ती राजवाड्यातलीच असणार, असं समजू नये. ती साध्या घरातही आली, चहासोबत आली.

श्रीमंत घराण्यांनी मात्र उत्तमोत्तम नग जमवले. आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्याच हैदराबादेत तिसऱ्या सालारजंगांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंचं संग्रहालय १९५१ मध्ये सुरू झालं. तिथे जपानी दालन आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहातल्या चिनी-जपानी वस्तू बघता येतात. आणि आपल्या सहली जिथे हमखास जातात त्या दौलताबादच्या किल्ल्यात चिनी महाल आहे. तिथे चीनचं कोणी राहत नव्हतं. भिंतींवरच्या निळ्या-पांढऱ्या चकचकीत फरशांवरून ते नाव पडलं. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला औरंगजेबाने इथेच कैदेत ठेवलं होतं. पुढच्या सहलीत मुलांना हे जरूर दाखवा.

तिसरा दिवस : कपावरचं झाड कोणतं?

मला सगळ्यात आवडलेला भाग हा. मुलांना भिंग दिलं आणि सांगितलं, फक्त बघा आणि जे दिसेल ते सांगा.

"फुलाला पाच पाकळ्या हायेत." "पाकळी गोल हाय." "फुलाला देठ न्हाई, फांदीलाच चिकटलंय." "फांदीला पानंच न्हाईत!"

या चार वाक्यांत उत्तर होतं. जपानी भांड्यांवर दोन गुलाबी फुलं फार दिसतात आणि लोक दोघांनाही चेरीच म्हणतात. पण चेरीच्या पाकळीच्या टोकाला छोटी खाच असते, आणि फुलं लांब देठांवर झुपक्याने लोंबतात. दुसरं फूल उमे, म्हणजे तिथल्या आलुबुखारसारख्या झाडाचं. त्याची पाकळी गोल असते आणि फूल फांदीला लागूनच येतं. थंडी संपता संपता, पानं फुटायच्या आधीच हे झाड फुलतं. म्हणजे आजीच्या कपावर उमे होतं.

आणि तो पक्षी? उमेच्या फांदीवर छोटा हिरवट पक्षी ही जपानी चित्रांतली जुनी जोडी आहे. पक्ष्याचं नाव उगुइसु. तो गाऊ लागला की वसंत आला, असं जपानी माणूस समजतो.

"आपल्याकडं कोकिळा वरडती तसं," एकजण म्हणाला. "आंब्याला मोहोर आल्यावर."

अगदी तसंच. तो कप आता मुलांना परका राहिला नाही.

जपानी भांड्यांवर नेहमी दिसणारी आणखी काही चित्रं इथे देते, म्हणजे तुम्हाला वर्गात उपयोग होईल.

• चीड, बांबू आणि उमे एकत्र : थंडीतही टिकून राहणारी तीन झाडं. ही कल्पना मूळची चीनची. शुभकार्याच्या भांड्यांवर फार आढळते.
• शेवंती : आपण दसऱ्याला हार करतो तीच. सोळा पाकळ्यांची शेवंती हे जपानच्या राजघराण्याचं चिन्ह आहे.
• मेपलची लाल पानं : पानगळीच्या ऋतूची खूण.
• करकोचा : दीर्घायुष्याची खूण. आपल्याकडे जायकवाडीच्या जलाशयावर हिवाळ्यात करकोचे येतात, त्यांची आठवण करून द्या.
• लाटा : एकावर एक अर्धगोल. मुलांना त्यात घरावरची कौलं दिसली.

जपानी घरांत ऋतू बघून भांडी काढायची पद्धत आहे. वसंतात फुलांची, पानगळीत लाल पानांची. म्हणजे ताटात काय वाढलं याच्यासोबत बाहेर कोणता ऋतू चाललाय, हेही भांडं सांगतं.

मग मी मुलांना कागदावर कपाची आकृती दिली आणि म्हटलं, "आपल्या कपावर काय असेल?" एकही चेरी आली नाही, याचा मला आनंद झाला. पळस आला, सीताफळ आलं, नायगावच्या अभयारण्यातला मोर आला, बाभळीचं पिवळं फूल आलं. एका मुलीने कापसाच्या एकाच झाडावर एक पिवळसर आणि एक गुलाबी फूल काढलं. मी विचारलं, दोन रंग कसे? ती म्हणाली, "आज उमललेलं पिवळं, कालचं गुलाबी." बरोबर आहे. कपाशीचं फूल दुसऱ्या दिवशी गुलाबी पडतं. मी इतकी वर्षं या भागात राहून ते कधी कागदावर उतरवलं नव्हतं.

बुडावरचा शिक्का वाचू या

जुनं भांडं हाती आलं की मोठी माणसं आधी विचारतात, किती जुनं? याचा थोडा अंदाज बुडावरून लागतो.

अमेरिकेने १८९० मध्ये कायदा केला की बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव लिहिलेलं हवं. म्हणून १८९१ पासून जपानी भांड्यांवर 'निप्पॉन' असं येऊ लागलं. निप्पॉन हा जपानी शब्द आहे, इंग्रजी लिहा, असं ठरल्यावर १९२१ पासून 'जपान' आलं. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात होता, त्या काळातल्या काही मालावर 'मेड इन ऑक्युपाईड जपान' असा शिक्का आहे. तो ताबा १९५२ मध्ये संपला. हे नियम अमेरिकेत जाणाऱ्या मालाचे. आपल्याकडे आलेल्या भांड्यांना ते तंतोतंत लावू नयेत, आणि खोटे शिक्केही असतात. म्हणून शिक्क्यासोबत चित्र, वजन, झीज हे सगळं बघावं.

चित्र हाताने काढलंय की छापलंय, हे भिंगातून कळतं. छापील चित्रात बारीक ठिपके दिसतात. हाताच्या कामात कुंचल्याचा फटकारा दिसतो, दोन फुलं कधीच अगदी सारखी नसतात, आणि बोट फिरवलं तर रंगाचा उंचवटा लागतो. निळा रंग बहुधा झिलईच्या खाली असतो, म्हणून वर्षानुवर्षं टिकतो. लाल आणि सोनेरी वर असतात, म्हणून घासून घासून जातात.

नोरिताके हे नाव तुम्ही ऐकलं असेल. मोरिमुरा बंधूंच्या पुढाकाराने १९०४ मध्ये नागोयाजवळच्या नोरिताके गावी तो कारखाना सुरू झाला. त्यांना पाश्चात्त्य पद्धतीचा जेवणाचा पूर्ण सेट करायचा होता, पण २५ सेंटिमीटरची सपाट प्लेट काही केल्या जमेना. चिनी माती भाजताना साधारण दहा ते पंधरा टक्के आकसते आणि भट्टीत मऊ पडते, त्यामुळे मोठी सपाट प्लेट मध्ये बसते किंवा वाकडी होते. पहिला सेट तयार व्हायला १९१४ उजाडलं. एका प्लेटसाठी दहा वर्षं! गणित दोनदा चुकलं म्हणून वही मिटणाऱ्या मुलांना मी ही गोष्ट आवर्जून सांगते.

माझी एक चूक

आता मनातलं थोडं सांगते.

या नादाच्या सुरुवातीला मी एका गावात एका म्हाताऱ्या बाईंकडून एक बशी घेतली होती. निळी, लाटांची, सुंदर. त्यांनी ती कोंबडीच्या पिलांना पाणी ठेवायला वापरली होती. मी वीस रुपये दिले. त्या खूश झाल्या, मीही खूश झाले. बशी काय आहे, कुठली आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं तर त्या द्यायच्या नाहीत, ही भीती होती. ती बशी त्यांच्या घरी कशी आली, हे मी विचारलंही नाही. विचारलं असतं तर त्यांना संशय आला असता.

आज ती बशी माझ्या कपाटात आहे. पाहुणे विचारतात, कुठून मिळाली? मी म्हणते, एका गावातून. त्यापुढे माझ्याकडे सांगायला काही नाही. त्या बाई आता नाहीत.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेले, तेव्हा हे फार टोचलं. डॉ. दिनकर केळकरांनी साध्या घरांतले अडकित्ते, दिवे, भांडी आयुष्यभर गावोगाव फिरून जमवली, आणि लहानपणी गेलेल्या मुलाच्या नावाने ती सगळ्यांसाठी खुली केली. आपण मात्र वस्तू आणून कपाटात कुलूपबंद करतो.

आजीचा कप

पाठ संपल्यावर मी तो कप परत द्यायला स्वतः त्या मुलीच्या घरी गेले. खोटं कशाला बोलू, कप मला हवा होता. उमे आणि उगुइसु असलेला नग माझ्याकडे नाही.

आजी दारातच ज्वारी निवडत बसल्या होत्या. मी काही बोलायच्या आधीच म्हणाल्या, "काय करायलेत बाई त्या फुटक्या कपाला? आवडला आसंल तर घेऊन जा. माज्या काय कामाचा."

हो म्हणायला एक क्षण पुरेसा होता. पण नात शेजारी उभी होती, तीन दिवस त्या कपावर शिकलेली. मी आजींना सगळं सांगितलं. जपानचा आहे, बहुतेक सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचा आहे, चित्र हाताने काढलेलं आहे. किंमत विचारली, तीही खरी सांगितली : बशी नाही, तड गेलेली, बाजारात फार तर शे-दोनशे रुपये येतील.

आजी हसल्या. "मंजी काय लई न्हाई." मग कप हातात घेऊन फिरवून फिरवून बघत राहिल्या. "आमचे मामंजी जालन्याला जिनात होते. तवाचा हाय. दोन व्हते. पुढचं माज्या लेकाला ठावं, त्याला त्यांनी मांडीवर बसवून सांगितल्यालं."

लेक म्हणजे मुलीचे वडील. ते पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या फडावर होते. त्या रात्री मुलीने फोनवर वडिलांना कपाची गोष्ट विचारली. दुसऱ्या दिवशी तिने वहीत लिहून आणलं. मी ते जसंच्या तसं देत नाही, सार देते. पणजोबा जिनात कापसाच्या गाठी वाहायचे. एका दिवाळीला मालकाने दोन कप दिले. एक लग्नात फुटला. पणजोबा घरी आले की याच कपात चहा प्यायचे आणि कपाला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही.

मुलीने मला एक गोष्ट वहीत न लिहिता तोंडी सांगितली. "मॅडम, पप्पा रोज फोनवर इचारतात, जेवलीस का, आणि ठेवतात. काल लई येळ बोलले."

एवढंच. कप आता त्यांच्या घरी देवळीत आहे. मिसरी प्लास्टिकच्या डबीत गेली. कपाखाली मुलीने कागदाची चिठ्ठी ठेवली आहे. तिच्यावर पणजोबांचं नाव, जिनचं गाव आणि 'उमे' हा शब्द आहे.

हा कप माझ्या संग्रहात आला असता तर पंधरावा नग झाला असता. त्याची नोंद मात्र माझ्याकडे आहे, आणि गंमत म्हणजे माझ्या चौदा नगांपैकी एकाचीही इतकी पूर्ण नोंद नाही. आता मी एक नियम केला आहे. वस्तू घेण्याआधी समोरच्याला ती काय आहे ते सांगायचं, आणि तिची गोष्ट विचारून लिहून घ्यायची. त्यानंतरही त्यांनी द्यायची म्हटलं, तरच घ्यायची.

वर्गात हा पाठ घ्यायचा असेल तर

१) जपानी कपबशीच हवी असं नाही. फुलापानांचं काम असलेली कोणतीही जुनी वस्तू चालेल : पितळी डबा, कशिद्याची पिशवी, दाराची कोरीव चौकट, लोणच्याची बरणी.

२) वस्तू आणण्याची सक्ती करू नका. काही घरांत जुनं काहीच उरलेलं नसतं, आणि ते मुलाला सगळ्यांसमोर सांगावं लागू नये. चित्र किंवा आठवण चालेल, असं आधीच सांगा.

३) आधी निरीक्षण, मग माहिती. पाकळ्या मोजा, पानं बघा, पक्षी ओळखा. नाव शेवटी सांगा.

४) वस्तूची नोंद मुलांनी स्वतः लिहावी. आम्ही पाच प्रश्न ठेवले : वस्तू कशाची आहे? तिच्यावर काय काढलंय? घरी कोणी आणली? कशासाठी वापरत? आता कुठे ठेवली आहे?

५) उत्तर माहीत असलेलं माणूस लांब असेल, तर फोनवर विचारायला सांगा. स्थलांतरित पालकांच्या मुलांसाठी हा टप्पा सोडू नका.

६) शेवटी आपल्या परिसरातल्या झाडापक्ष्यांचं नक्षीकाम मुलांनी करावं.

जुनी भांडी हाताळताना (पालकांसाठी)

• कप कानाला धरून उचलू नका, दोन्ही हातांनी तळातून धरा.
• घासणी, राख, चिंच वापरू नका. पातेल्यात जुना टॉवेल अंथरून कोमट पाण्यात हाताने धुवा.
• एकात एक ठेवताना मध्ये कागद किंवा कापड घाला.
• सोनेरी कडेचं भांडं मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका.
• जुन्या रंगांत शिसं असू शकतं. रंग उडालेल्या किंवा तडकलेल्या भांड्यात लिंबू, चिंच, लोणचं, ताक असं आंबट ठेवू नका. मुलांना त्यात खायला देऊ नका. ती बघायला ठेवा.

उन्हाळ्याच्या तोंडाला टोळ्या परत येतील, तेव्हा त्या मुलीचे वडील शाळेत येणार आहेत. पणजोबांबद्दल वर्गाला सांगायचं त्यांनी कबूल केलं आहे. फक्त एक अट घातली आहे, "मॅडम, मला बोलायला जमत न्हाई, पोरांनी प्रश्न इचारावेत." पोरांचे प्रश्न तयार आहेत. पहिला प्रश्न त्यांच्या मुलीचाच आहे.

तुमच्या वर्गात, तुमच्या घरात असं एखादं भांडं निघालं तर आधी त्याची गोष्ट विचारा आणि तारीख टाकून लिहून ठेवा.